सदुसष्ट रात्री: शेवटच्या सीझनआधी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पुन्हा, सगळे मिळून

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आज पाहुणे नाहीत, मुलाखत नाही. मी एकटीच बोलणार आहे, कारण एक बेत ठरलाय आणि त्यात तुम्हालाही ओढायचंय.

आधी हिशेब सांगते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा आठवा आणि शेवटचा सीझन अमेरिकेत १४ एप्रिलला, रविवारी रात्री नऊला सुरू होतोय. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला, डब्याच्या आणि अंघोळीच्या घाईत. पहिल्या सहा सीझनचे दहा-दहा आणि सातव्याचे सात, असे आजवर ६७ एपिसोड झालेत. उद्या ६ फेब्रुवारी. उद्यापासून रोज एक बघितला तर ६७ वा एपिसोड बरोब्बर १३ एप्रिलला येतो. मध्ये एकही दिवस रिकामा नाही. माझ्या मैत्रिणीने कॅलेंडरवर बोट ठेवून हे मोजून दाखवलं, आणि मग नाही म्हणायला जागाच उरली नाही.

तर आम्ही तिघं आहोत. मी, ही मैत्रीण, जिने पुस्तकं वाचली आहेत आणि जी दर दहा मिनिटांनी ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणते, आणि माझा धाकटा भाऊ. तो बंगळूरला असतो आणि त्याने ही मालिका अजिबात बघितलेली नाही. एकही सीन नाही. २०११ पासून आजपर्यंत एवढं जगापासून अलिप्त राहणं ही एक साधनाच आहे म्हणा. पद्धत साधी आहे: फोन स्पीकरवर ठेवायचा, ‘तीन, दोन, एक’ म्हणायचं आणि दोन्हीकडे एकदम प्ले दाबायचं.

एक सूचना देऊन टाकते. या भागात मी सातही सीझनमधलं सगळं फोडणार आहे. कोण मेलं, कोण कुणाचा मुलगा, सगळं. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी इथेच थांबा आणि एप्रिलमध्ये परत या. भावाने तशी आईची शपथ घेतली आहे. आणि हो, ‘ड्रॅगन आहेत म्हणजे मुलांसाठी असेल’ असं समजून कुणी घरच्यांसोबत लावू नका. पहिल्याच एपिसोडला रिमोटसाठी धावपळ होईल.

आता मुद्द्याचं. लोक विचारतात, कोण मरतंय हे माहीत असताना परत बघायचं काय? खरं तर हा प्रश्न आपल्याकडे पडू नये. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान माहीतच असतं, तरी तो शेवटपर्यंत उठत नाही. पण या मालिकेबाबत माझं एक वेगळं म्हणणं आहे. पहिल्यांदा बघताना आपण सारखं ‘पुढे काय’ एवढंच विचारतो. दुसऱ्यांदा प्रश्न बदलतो: या क्षणी या खोलीत कुणाला काय माहीत आहे, आणि कोण काय दडवतंय? हा प्रश्न घेऊन बसलात ना, की पहिला सीझन म्हणजे जवळजवळ नवीनच मालिका होते.

उदाहरण देते. दुसऱ्या एपिसोडमध्ये राजा रॉबर्ट आणि नेड स्टार्क प्रवासात माळावर टेबल टाकून न्याहारी करतात. पहिल्या वेळी हा सीन मला दोन जुन्या मित्रांच्या गप्पा वाटला होता. रॉबर्ट मजेत विचारतो, तुझ्या त्या जॉनची आई कोण रे? नेड कसंबसं एक नाव सांगतो आणि विषय संपवतो. लगेच रॉबर्ट एक चिठ्ठी दाखवतो: डेनेरिस टार्गेरियनचं लग्न झालंय, डोथ्राकी सरदाराशी. आणि मग तो भडकतो. हाताला लागेल तो प्रत्येक टार्गेरियन मारीन म्हणतो.

आता सहाव्या-सातव्या सीझनमध्ये काय कळलं ते आठवा. जॉन स्नो नेडचा मुलगा नाहीच. तो नेडच्या बहिणीचा, लियानाचा मुलगा, आणि त्याचा बाप राएगार टार्गेरियन. म्हणजे रॉबर्ट ज्याला रोज स्वप्नात मारतो, त्याचाच. नेड समोर बसून पाव खातोय आणि राजा त्याला सांगतोय की मी तुझ्या घरात वाढलेल्या पोराला मारणार आहे. फक्त राजाला ते माहीत नाही. शॉन बीनचा चेहरा बघा त्या वेळी. तो काहीच करत नाही. नुसता दूर बघतो. पहिल्यांदा मला तो कंटाळलेला वाटला होता!

याच एपिसोडमध्ये थोडं आधी नेड जॉनचा निरोप घेतो आणि म्हणतो की पुढच्या भेटीत तुझ्या आईबद्दल बोलू. पुढची भेट होत नाही. पुढे पाचव्या एपिसोडमध्ये राजसभा गरोदर डेनेरिसला मारायचं ठरवते, तेव्हा नेड पदाचा बिल्ला टेबलावर टाकून निघून जातो. पहिल्यांदा आपण म्हणतो, वा, काय तत्त्वाचा माणूस! दुसऱ्यांदा कळतं की तत्त्व आहेच, पण या माणसाने आधी एक टार्गेरियन बाळ स्वतःच्या हाताने वाचवलंय. त्यासाठी बायकोला आयुष्यभर दुखावलंय, स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतलाय. ज्याला सगळं राज्य ‘खोटं न बोलणारा’ म्हणून ओळखतं, तो इतकी वर्षं एकच मोठं खोटं जपत जगलाय. आणि शेवटी मुलींना वाचवायला दुसरं खोटं बोलतो, भर चौकात, ‘मी राजद्रोह केला’ म्हणून, आणि ते खोटं मात्र फुकट जातं.

गेल्या शनिवारी चाचणी म्हणून आम्ही हे दोन एपिसोड फोनवरून बघितले. जॉनचा निरोप झाला तेव्हा भाऊ म्हणाला, ‘हा दाढीवाला मस्त आहे. हाच राजा होणार ना शेवटी?’ इकडे आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय आणि फोन म्यूटवर. त्याची चूक नाही. त्या वेळच्या पोस्टरवर सिंहासनावर नेडच बसलेला होता, आणि सगळ्या कलाकारांत बहुतेकांना ओळखीचा चेहरा तोच. नेडचं डोकं उडतं तो नववा एपिसोड आमच्या वेळापत्रकात १४ फेब्रुवारीला येतोय. व्हॅलेंटाइन डे. मी काही बोलले नाहीये.

भावाने त्या रात्री ‘हा कोण, ती कोण’ असं इतक्यांदा विचारलं की मैत्रीण वैतागली. मी म्हटलं, असू दे. २००९ मध्ये या मालिकेचा जो पहिला पायलट चित्रित झाला, तो निर्माते बेनिऑफ आणि वाइस यांनी ओळखीच्या लोकांना दाखवला, तेव्हा जेमी आणि सेर्सी भाऊ-बहीण आहेत हेच बघणाऱ्यांना कळलं नव्हतं. सगळी कथा ज्या एका गोष्टीवर उभी, तीच निसटली. मग तो पायलट बहुतांशी पुन्हा चित्रित केला, डेनेरिस आणि कॅटलिनच्या नट्याही बदलल्या. तेव्हा गोंधळलेल्या माणसाला रागावू नका.

आता खंजिराची गोष्ट. माझी आवडती, म्हणून जरा रेंगाळते. दुसऱ्या एपिसोडमध्ये बेशुद्ध ब्रॅनला मारायला एक मारेकरी येतो, कॅटलिन उघड्या हातांनी पातं धरते. तिसऱ्यात लिटलफिंगर सांगतो, हा खंजीर माझा होता, पैजेत टिरियनने जिंकला. चौथ्यात कॅटलिन वाटेतल्या खानावळीत टिरियनला पकडते. पाचव्यात त्याचा बदला म्हणून जेमी भररस्त्यात नेडला गाठतो, त्याची माणसं मारतो. सहाव्यापर्यंत टायविनची माणसं गावं जाळायला लागलेली आहेत. एका वाक्यातून युद्ध! आणि ते वाक्य खोटं आहे. जेमीने ब्रॅनला ढकललं हे खरं, पण खंजिराबद्दल लिटलफिंगर जे बोलला ते साफ खोटं.

त्याहून आधीचं एक खोटं आहे. पहिल्या एपिसोडमध्ये लायसाचं पत्र येतं की माझ्या नवऱ्याला लॅनिस्टरांनी मारलं. त्या पत्रामुळे नेड राजधानीला जातो. चौथ्या सीझनमध्ये कळतं की विष लायसानेच दिलं होतं, लिटलफिंगरच्या सांगण्यावरून, आणि पत्रही त्यानेच लिहायला लावलं. पहिल्यांदा बघताना हे चौथ्या सीझनमध्ये एका ओळीत निघून जातं. आता उद्या पहिला एपिसोड लावाल तेव्हा ते पत्र मेणबत्तीवर जळताना बघा. अख्ख्या मालिकेचं मूळ तिथे जळतंय.

बरं, तो खंजीर कुठे जातो? सातव्या सीझनच्या चौथ्या एपिसोडमध्ये लिटलफिंगर तो ब्रॅनला देतो, ब्रॅन आर्याला देतो, आणि सीझनच्या शेवटी आर्या त्याच खंजिराने लिटलफिंगरचा गळा चिरते. पासष्ट एपिसोड फिरून शस्त्र खोटं बोलणाऱ्याच्या गळ्यापाशी. मुळात तो मारेकरी पाठवला कुणी, याचं सरळ उत्तर मालिकेने अजून दिलेलं नाही. पुस्तकात संशय जॉफ्रीवर जातो, असं मैत्रीण सांगते. सांगणारच.

जाता जाता, हा सातव्यातला चौथा एपिसोड आपल्याला वेगळ्या कारणाने आठवेल. ऑगस्ट २०१७ मध्ये तो प्रक्षेपणाआधीच इंटरनेटवर फुटला होता, आणि त्या प्रकरणात चौघांना अटक झाली ती आपल्या मुंबईत. वेस्टरोसचं राजकारण आणि महाराष्ट्र पोलीस एका बातमीत आले ते तेवढंच.

पहिल्या सीझनबद्दल आणखी एक गोष्ट. पैसे कमी होते, आणि ते दिसतं. मोठी लढाई सुरू होणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि टिरियनच्या डोक्यात गदा बसून तो बेशुद्ध पडतो. जागा होतो तेव्हा लढाई संपलेली! पहिल्यांदा मला हसू आलं होतं, आता लबाडी कळते. पण याच कमतरतेतून काय निघालं बघा. सुरुवातीचे काही एपिसोड लांबीला कमी पडत होते, म्हणून पुस्तकात नसलेले सीन लिहावे लागले, जास्तीचे घोडे आणि सैनिक न लागणारे. पाचव्या एपिसोडमधला रॉबर्ट आणि सेर्सीचा सीन पुस्तकात नाही. नवरा-बायको, दारूचा सुरई-प्याला, आणि एक मोडलेलं लग्न. दोघं राज्याबद्दल बोलता बोलता लग्नाबद्दल बोलायला लागतात. ती विचारते, आपलं कधी जमलं असतं का? तो सरळ सांगतो. ड्रॅगन जाळत जातात ते सीन मला आवडतात, पण या पाच-सात मिनिटांपुढे ते फिके आहेत असं माझं मत आहे, आणि त्यावर भांडायची तयारी आहे.

आणि टायटल्स पुढे ढकलू नका. रामिन जवादीच्या संगीतासाठी तर नाहीच, पण नकाशासाठीही. त्या त्या एपिसोडची ठिकाणं त्यात येतात. विंटरफेल जळल्यानंतर नकाशातल्या विंटरफेलमधूनही धूर निघतो. किती लोकांनी ते लक्ष देऊन बघितलं असेल?

आता लाल लग्न. रेड वेडिंग. तिसऱ्या सीझनचा नववा एपिसोड, आमच्याकडे ६ मार्चला. हा मी परत बघणार नाही असं २०१३ मध्ये म्हटलं होतं. पण यातही तोच खेळ आहे: कुणाला काय माहीत आहे. रूस बोल्टन दारू घेत नाही, का? दारं बंद होतात, का? वादक ‘द रेन्स ऑफ कास्टमिअर’ वाजवायला लागतात आणि कॅटलिनचा चेहरा बदलतो, कारण ती धून लॅनिस्टरांची आहे हे तिला माहीत आहे. मग ती बोल्टनची बाही सरकवते आणि आत चिलखत. त्या खोलीत ही गोष्ट सगळ्यात आधी कळते ती त्या आईला, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

या सगळ्याच्या आधी वॉल्डर फ्रे पाहुण्यांना भाकरी आणि मीठ देतो. म्हणजे पाव आणि मीठ, पण मला मनात भाकरीच दिसते. तिथला कायदा असा की यजमानाचं मीठ खाल्लं की पाहुणा सुरक्षित. आपण खाल्ल्या मिठाला जागायला सांगतो ते खाणाऱ्याला. तिथे मीठ वाढणाऱ्यालाही बांधून घेतं. म्हणून तो प्रसंग इतका लागतो. नुसत्या रक्ताने नाही लागत, रक्त तर मालिकेत पदोपदी आहे.

आणि ते अचानक घडलेलं नाही, हे दुसऱ्यांदा अगदी लख्ख दिसतं. रॉबने फ्रेच्या मुलीशी लग्नाचं वचन मोडलं. मग एका सरदाराचं डोकं उडवलं, बापासारखंच, स्वतःच्या हाताने, न्याय म्हणून. त्यामुळे त्या सरदाराचं सैन्य घरी गेलं. सैन्य कमी पडलं म्हणून परत फ्रेच्याच दारात जावं लागलं. एकेक पायरी तो स्वतः उतरलाय, आणि प्रत्येक पायरीला आपण ‘बरोबर केलंस’ म्हटलंय.

इथे मला या मालिकेचं खरं मोठेपण वाटतं. जे केलं त्याचं बिल येतं. चांगल्या हेतूने केलं तरी येतं, उशिरा येतं, पण येतं. आणि म्हणूनच माझी पुढची तक्रार आहे, कारण एका टप्प्यानंतर बिलं यायची बंद होतात.

मार्टिनचं पाचवं पुस्तक २०११ च्या जुलैमध्ये आलं. सहावं अजून नाही. सहावा सीझन येण्याआधी पुस्तक होणार नाही, हे त्यांनी स्वतःच जानेवारी २०१६ मध्ये लिहून टाकलं होतं. म्हणजे तिथून पुढे मालिका मुख्यतः स्वतःच्या पायावर. सहाव्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये सेर्सी बेलरचं मंदिर वाइल्डफायरने उडवते. आमच्याकडे हा एपिसोड नेमका ६ एप्रिलला, गुढीपाडव्याला आहे, काय बोलणार! पहिली वीस मिनिटं, तो पियानो, ती शांतता, सगळं अप्रतिम. याच मंदिरासमोर नेडचं डोकं उडालं होतं. आणि तिसऱ्या सीझनमध्ये जेमीने हौदातल्या गरम पाण्यात बसून ब्रिएनला सांगितलं होतं की वेड्या राजाला मी का मारलं: तो याच वाइल्डफायरने शहर जाळणार होता. ज्यासाठी जेमी आयुष्यभर ‘राजाचा खुनी’ म्हणून शिव्या खातो, तेच त्याची बहीण करते. यापेक्षा मोठं बिल कोणतं?

पण पुढे काय होतं? राणी मेली, धर्मगुरू मेला, अर्धे सरदार मेले, आणि सेर्सी त्याच एपिसोडमध्ये सिंहासनावर बसते. ओलेना टायरेल सूड घ्यायला निघते, हे कबूल. पण शहर? दुसऱ्या सीझनमध्ये याच शहरातल्या उपाशी लोकांनी जॉफ्रीवर शेण फेकलं होतं, धर्मगुरूला रस्त्यात फाडलं होतं. पाचव्याच्या शेवटी सेर्सीला नागवी चालवली तेव्हा हेच लोक दोन्ही बाजूंना उभे होते. त्यांचं सगळ्यात मोठं देऊळ उडाल्यावर ती माणसं गेली कुठे? सातव्या सीझनमध्ये त्यांचा आवाजच नाही. जेमी परत येतो, धूर बघतो, बहिणीकडे बघतो, आणि पुढच्या सीझनमध्ये तिच्या बाजूने लढतो. दोघांत यावर एक नीट भांडण तरी हवं होतं.

अंतरांचंही तसंच. दुसऱ्या एपिसोडचं नावच ‘द किंग्जरोड’. राजधानीचा रस्ता म्हणजे महिना-महिना प्रवास, आणि त्या प्रवासात माणसं बदलतात. सातव्या सीझनमध्ये भिंतीपलीकडून कावळा उडतो आणि ड्रॅगन मदतीला हजर. मी भूगोलाची शिक्षिका नाही, मला किलोमीटर मोजायचे नाहीत. पण रस्ता संपला की रस्त्यातल्या गप्पा संपतात, आणि ही मालिका गप्पांची होती.

आणखी एक सांगते, हसण्यासारखं नाही. पाचव्या सीझनचा सहावा एपिसोड, २३ मार्च. सान्साच्या लग्नाची रात्र. पुस्तकात ही वेळ सान्सावर येत नाही, दुसऱ्या एका मुलीवर येते. तो भाग मालिकेत घेतला यापेक्षा माझा राग असा आहे की अत्याचार तिच्यावर होतोय आणि कॅमेरा थिऑनच्या चेहऱ्यावर जातो, जणू ही त्याची गोष्ट आहे. ज्यांना तो बघायचा नाही त्यांनी त्या रात्री सुट्टी घ्यावी. मीही शेवटची पाच मिनिटं बघणार नाही, मैत्रीण पुढचं सांगेल.

हे सगळं असूनही ६७ च्या ६७ का? कारण अजून काही गोष्टी थेट मार्टिनकडून आलेल्या आहेत. बेनिऑफ आणि वाइस यांनी सांगितलंय की मार्टिनने त्यांना आधीच तीन धक्के सांगून ठेवले होते. एक शिरीनला जाळणं. दुसरा हॉडोर. तिसरा अगदी शेवटाजवळचा, तो अजून आपल्याला माहीत नाही.

हॉडोरचं सांगायलाच नको. सहाव्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्ये कळतं की ‘दार धरून ठेव’ या शब्दांचं झिजून झिजून ‘हॉडोर’ झालंय, आणि हा माणूस लहानपणापासून स्वतःच्या मरणाचे शब्द बोलत आलाय. दुसऱ्यांदा बघताना पहिल्या सीझनमध्ये तो हसत ‘हॉडोर’ म्हणाला की पोटात गोळा येतो. भावाला तो विनोदी वाटतोय. ‘हा गोड आहे’ म्हणाला. एप्रिलच्या पहिल्या तारखेला कळेल त्याला, आणि त्याला वाटेल एप्रिल फूल. मराठीत डबिंग करायचं तर ‘दार धर’चं काय करायचं, यावर आम्ही परवा तासभर घातला. ‘दारधर, दाधर, दादर’. तिथे थांबलो.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. डेनेरिस. सात सीझन आपण तिच्या बाजूने आहोत. गुलाम सोडवले, साखळ्या तोडल्या, टाळ्या. या वेळी माझी विनंती आहे, टाळ्यांच्या वेळी तिच्याकडे नीट बघा. पहिल्या सीझनमध्ये तिच्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात तेव्हा ती मान वळवत नाही. भाऊ नालायक होता, मान्य. चौथ्यात मीरीनच्या १६३ मालकांना ती खांबांना ठोकते, कारण त्यांनी १६३ मुलांना ठोकलं होतं. यातला कोण दोषी, कोण विरोधात होता, ती विचारत नाही. आपणही विचारलं नव्हतं. सातव्यात शरण न आलेल्या टार्ली बाप-लेकांना जाळते आणि टिरियनच्या चेहऱ्यावर भीती आहे. प्रत्येक वेळी समोरचा वाईट होता म्हणून आपण हिशेब सोडून दिला.

आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी ते दृश्य आहे, २५ फेब्रुवारीला येईल. जादूच्या घरात ती सिंहासनाच्या दालनात पोहोचते. छप्पर उडालंय, भिंती पडल्यात, सगळीकडे पांढरं काहीतरी पडतंय. ती सिंहासनाकडे हात नेते आणि शिवायच्या आत वळते. मैत्रीण म्हणते ते बर्फ आहे, हिवाळा येणार म्हणून सात वर्षं सांगतायत तो. मी म्हणते राख. तीन वेळा थांबवून, मोठं करून बघितलं, ठरत नाहीये. बर्फ असेल तर शत्रू उत्तरेकडून आला. राख असेल तर ते छप्पर कुणी उडवलं? बिल येणार असेल तर हेच सगळ्यात मोठं थकलेलं आहे, आणि सहा एपिसोडमध्ये ते कसं देणार याची मला धास्ती आहे. तिला खलनायिका केलं तरी हरकत नाही, पण त्या १६३ खांबांपासून पायरी पायरीने उतरताना दाखवायला हवं, रॉबला दाखवलं तसं. एका रात्रीत नको.

बर्फ की राख, तुमचं मत २५ तारखेनंतर आवाजी निरोपात पाठवा, एका मिनिटात बसवा. आम्ही निवडक ऐकवू. भाऊ कोणाच्या बाजूने जातो याच्यावर मैत्रिणीची आणि माझी पैज लागलेली आहे, मिसळीची.

उद्या रात्री साडेनऊ. पहिल्या एपिसोडची पहिली आठ मिनिटं भिंतीपलीकडच्या जंगलातली आहेत, तेव्हा जेवणं आधी उरकून घ्या, आणि दिवे बंद.